तळघरातली शब्बाथशाळा

चर्च बंद होणार असल्याचं पत्र आलं. शेवटच्या रविवारी उपासनेनंतर जुन्या मंडळींनी खाली तळघरात यावं, आठवण म्हणून जे हवं ते घेऊन जावं, असंही त्यात लिहिलं होतं. मला काही नको होतं. आईला जायचं होतं. तिचं वय चौऱ्याऐंशी, गुडघे दोन्ही बदललेले, पण "मी जिना उतरणार म्हणजे उतरणार" म्हणाली, आणि माझा दंड धरून उतरली.

खाली दार उघडलं आणि तो वास आला. फरशीचं पॉलिश, विजेच्या मोठ्या किटलीत तासन्‌तास तापून करपलेली कॉफी, ओले कोट, मेणाचे खडू, आणि या सगळ्याच्या खाली न्यू जर्सीच्या तळघरांना असतो तो दमट मातीचा वास. डोळे बांधून मला इथे आणून सोडलं असतं तरी मी सांगितलं असतं, आठवीतला रविवार आहे, साडेनऊ वाजलेत, आणि मी पाठांतर केलेलं नाही.

आम्ही नगरचे मराठी ख्रिस्ती. हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा उच्चारलंय की आता ते तोंडातून आपोआप पडतं. आई नर्स. तिच्या नोकरीवर आम्ही इकडे आलो तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि नुकतं एकोणीसशे ऐंशी लागलं होतं. पप्पांना एका कारखान्यात लेथवर काम मिळालं. भाड्याचं घर लागल्यावर आईने पहिलं काम केलं ते म्हणजे फोनबुक उघडून चर्च शोधलं. एपिस्कोपल निवडलं, कारण तिथलं प्रार्थनापुस्तक आमच्या नगरच्या चर्चसारखं होतं. इंग्रजीत असलं तरी कुठे उभं राहायचं आणि कुठे गुडघे टेकायचे ते तिला न बघता कळत होतं. पहिल्या रविवारी ती डोक्यावर पदर घेऊन दारात थांबली आणि चपला कुठे काढायच्या ते बघू लागली. सगळे बुटांसकट आत चालले होते. आईने मला हळूच विचारलं, "हे असेच जातात? वेदीपर्यंत?" मी म्हटलं, तसंच दिसतंय. मग तीही गेली, पण पाऊल जरा चोरून टाकत.

तळघरातली रविवारची शाळा मिसेस व्हिटेकरांची. आमच्याकडे हिला शब्बाथशाळा म्हणतात, आणि मी मनात तोच शब्द शेवटपर्यंत वापरला. मिसेस व्हिटेकर म्हणजे चर्चच्या शिक्षण-विभागाच्या प्रमुख, यूथ ग्रुपच्या प्रमुख, आणि खरं सांगायचं तर फादरच्याही प्रमुख. उंच, चष्म्याला मोत्यांची साखळी, बाही कोपरापर्यंत सरकवलेला स्वेटर, अंगाला गुलाबपाण्यासारखा वास. बाई वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून ठेवते. मला इंग्रजी धड येत नव्हतं तेव्हा त्या वर्गानंतर थांबून मला स्तोत्रं वाचायला शिकवायच्या, बोट ओळीखाली धरून, एकेक शब्द. आजही मी इंग्रजी वाचताना रेंगाळते ती त्यांच्या बोटाच्या वेगाने. आईला थंडीचा पहिला कोट त्यांनीच दिला. त्या कोटाचं ओझं आईने किती वर्षं वाहिलं, ते मला फार उशिरा कळलं.

भिंतीवर फ्लॅनेलचा निळा फळा होता. त्यावर फेल्टचा येशू चिकटायचा, फेल्टची मेंढरं, फेल्टची होडी. हीटर सुरू झाला की गोंद सुकायचा आणि पेत्र समुद्रात पडायचा, आणि आम्ही हसून लोळायचो. नाताळाच्या आधी हिरव्या फांद्यांचं कडं करून त्यात दर रविवारी एकेक मेणबत्ती वाढवायची. चिकाचा वास बोटांना शाळेत बुधवारपर्यंत यायचा. उपासाचे दिवस सुरू व्हायच्या आदल्या मंगळवारी पॅनकेक. यूथ ग्रुपची मुलं ते भाजायची आणि म्हाताऱ्यांना वाढायची; माझे गोल व्हायचे, कारण घरी मी घावन घालायचे. झावळ्यांच्या रविवारी झावळीच्या पातीचा क्रूस विणायचा. तो मला नगरहूनच येत होता, मी पाच मिनिटांत चार विणले, तेव्हा मिसेस व्हिटेकर सगळ्यांना म्हणाल्या, "बघा, किती चटकन शिकली!" मी पाचवा विणायला घेतला. तेव्हा मी दहा वर्षांची होते, आणि कौतुक गोड लागत होतं.

उन्हाळ्यात बायबल कॅम्प असायचा. लाल सरबत, मॅकरोनी चिकटवून केलेले तारे, तळ्यातल्या पाण्याचा शेवाळी वास, ओल्या टॉवेलांची रांग. नंतर मोठी झाल्यावर चर्चच्या अंगणात यूथ ग्रुपचं गाड्या धुणं, व्हॉलीबॉल, कुणाच्या तरी कॅसेट प्लेअरवर चाललेली गाणी. मी वेदीच्या मेणबत्त्या पेटवायला लागले. पांढरा झगा, कमरेला दोरी, हातात लांब पितळी दांडी, तिच्या टोकाला थरथरणारी वात. पाठीमागे सगळं चर्च बसलेलं आणि आपण एकटं पुढे चालायचं. मला ते फार आवडायचं. मी त्या वेदीसमोर पाहुणी नव्हते, आणि तसं मला एकदाही वाटलं नाही.

पाहुणी मला ठरवलं जायचं ते जानेवारीत. पूर्वेकडचे ज्ञानी, म्हणजे मागी लोक, बाळ येशूला भेटायला आले तो सण. त्या दिवशी मिसेस व्हिटेकर जगातल्या देशांची मिरवणूक काढायच्या. कुणी जपान, कुणी आफ्रिका (आख्खी), कुणी मेक्सिको. मी भारत. आईची जांभळी साडी, हातात दिवा, कपाळावर लिपस्टिकचं मोठं कुंकू. ते मिसेस व्हिटेकर स्वतः लावायच्या. आमच्या घरात लग्नकार्यातसुद्धा कुणी कुंकू लावत नसे. पहिल्या वर्षी आईने ते पाहिलं आणि गाडीत बसल्यावर रुमालाने पुसून काढलं. म्हणाली, "त्यांना काय माहीत. जाऊ दे." हे 'जाऊ दे' आमच्या घरात मिठासारखं रोज लागायचं.

आणि एकट्या त्यांनाच काय बोल लावायचा. एडिसन गावात महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवाला आईला एका ओळखीच्या काकूंनी बोलावलं, तेव्हा तिथे गप्पांत आमचं आडनाव आणि चर्च दोन्ही निघालं. काकू म्हणाल्या, "अय्या, ख्रिश्चन? म्हणजे मूळच्या गोव्याच्या का?" आई म्हणाली, नगरच्या. "मग मराठी किती छान बोलता हो तुम्ही!" आईने हसून थँक्यू म्हटलं. मी तिथल्या तिथे विचारलं, "काकू, तुम्हीपण छान बोलता, कुठे शिकलात?" आईने मला असा चिमटा काढला की दंडावर दोन दिवस निळं होतं. पण मला त्याचा अभिमान होता आणि अजून आहे.

शनिवारची दुपार मात्र आमची असायची, आईची आणि माझी. चर्चमध्ये वेदीची व्यवस्था बघणाऱ्या बायकांचा एक गट होता. प्याले घासायचे, फुलं लावायची, प्रभुभोजनाची पांढरी वस्त्रं धुऊन इस्त्री करायची. त्यात बाहेरच्या कुणाला सहसा घेत नसत. चार वर्षं वाट बघितल्यावर आईला घेतलं, तेही मिसेस व्हिटेकरांनी शब्द टाकला म्हणून. त्या दिवशी आईने घरी शिरा केला. त्या वस्त्रांचा एक नियम असतो: पहिल्या धुण्याचं पाणी मोरीत ओतायचं नाही, कारण त्यात प्याल्यातल्या द्राक्षारसाचा, म्हणजे प्रभूच्या रक्ताचा, थेंब असतो. ते मातीत ओतायचं. बाकीच्या बायका लॉनवर ओतायच्या. आई ते स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत घालायची, आणि मग आमटीला त्याची पानं तोडताना क्षणभर थांबायची.

स्टार्चचा वास, गरम इस्त्रीखाली फुसफुसणारा लिननचा ओलावा, तीन घड्या आडव्या आणि तीन उभ्या. त्या घड्या घालताना आई मला घरच्या गोष्टी सांगायची. सगळ्यात जास्त सारजाबाईची. सारजाबाई आईची पणजी, म्हणजे माझी खापरपणजी. ज्या गावात तिला विहिरीवर हंडा टेकवू देत नसत त्याच गावात ती तिशी उलटल्यावर लहान पोरांच्या रांगेत बसून अक्षरं शिकली, आणि पुढे बायबलबाई झाली. बायबलबाई म्हणजे गावोगाव पायी हिंडून बायकांना शास्त्र शिकवणारी. काखेत पुस्तक, हातात छत्री, पाय अनवाणी. दळणाला बसलेल्या बाईपुढे जाऊन ती उपदेश करत नसे. जात्याचा दुसरा हात धरायची, दळू लागायची, आणि ओवीतून गोष्ट सांगायची. आईला त्यातल्या काही ओव्या येत होत्या. इस्त्रीच्या तालावर ती त्या म्हणायची, आणि मला पाठ झाल्या.

मी पंधरा वर्षांची होते त्या वर्षी यूथ संडेला बोलायची पाळी माझी आली. त्या रविवारी सगळी उपासना आम्ही मुलं चालवायचो, आणि प्रवचनाच्या जागी एकजण उभं राहून साक्ष द्यायचा. मिसेस व्हिटेकरांनी मला आठवडाभर आधी बोलावलं. डोळ्यांत खरोखरचं प्रेम होतं. म्हणाल्या, "तू अंधारातून प्रकाशात कशी आलीस ते सांग. इथे येऊन तुम्हाला येशू कसा सापडला, ते. जानेवारीतली साडी नेस. लोकांच्या डोळ्यांत पाणी येईल."

मी त्यांना सांगितलं की आम्ही पाच पिढ्यांचे ख्रिस्ती आहोत. त्यांनी माझा हात थोपटला. "हो गं, पण मनाने तर इथेच आलीस ना?"

घरी येऊन मी आईला सांगितलं, हे मी बोलणार नाही. आई डब्यातल्या पोळ्यांना तूप लावत होती. वर न बघता म्हणाली, "दोन वाक्यं बोल की. तुझं काय जातं? त्यांना बरं वाटेल."

"वेदीसमोर उभं राहून खोटं बोलू?"

"खोटं काय त्यात? येशूने प्रकाश दिला नाही आपल्याला?"

"दिला. पण नगरला दिला. इथे तळघरात नाही दिला."

आईने डब्याचं झाकण लावलं. "त्या बाईंनी आपल्यासाठी काय काय केलंय ते विसरू नकोस. मला त्या लोकांत रोज वावरायचं आहे. तू कॉलेजला निघून जाशील." हे शेवटचं वाक्य तिने फार हळू म्हटलं. मला ते ऐकू आलं होतं, आणि तरीही मी ऐकलं नाही. पप्पा दुसऱ्या पाळीवर निघाले होते. बूट बांधता बांधता एवढंच म्हणाले, "बोलायचं ते बोल, पण सावकाश बोल. रागात तू भरभर बोलतेस."

मी साडी नेसले नाही. पांढरा झगा आणि कमरेची दोरी, नेहमीसारखी. मी सावकाश बोलले. सांगितलं की मिसेस व्हिटेकर या चर्चमध्ये जे काम करतात ते काम माझ्या खापरपणजीने केलं आहे. तिला तळघर नव्हतं, फ्लॅनेलचा फळा नव्हता, पायात वहाण नव्हती. ती बायकांबरोबर दळायची आणि शिकवायची. माझ्या आईला प्रार्थना तिच्या आईने शिकवली, तिला तिच्या आईने, आणि तिला सारजाबाईने. आम्ही इथे आलो तेव्हा रिकाम्या हाताने आलो नव्हतो. माझी साक्ष एवढीच. मग मी सारजाबाईची ओवी म्हटली, मराठीत, तशीच, पेटी नाही, ऑर्गन नाही.

पहिली माझी ओवी गं, बेथलेहेम गावाला,
गाईच्या गव्हाणीत निजल्या देवबाळाला.

दगडी चर्चमध्ये आवाज चांगला घुमतो. ओवी संपल्यावर तो छतात थोडा वेळ राहिला. कुणी खोकलं. कुणीतरी पुस्तकाचं पान उलटलं. फादर उठून पुढची प्रार्थना वाचू लागले आणि मी जागेवर जाऊन बसले. माझे गाल तापले होते आणि मला विलक्षण बरं वाटत होतं. इतकं बरं मला त्यानंतर फार थोड्या वेळा वाटलंय.

मग आम्ही सगळे खाली आलो. कॉफी, डोनट, कागदी रुमाल. मिसेस व्हिटेकरांचे डोळे लाल होते. लोक त्यांच्याभोवती उभे होते आणि मी लांबून बघत होते. आई गर्दीतून वाट काढत त्यांच्याकडे गेली, त्यांच्या बाहीवर हात ठेवला आणि म्हणाली, "सॉरी, डोरोथी. आय ॲम व्हेरी सॉरी. शी इज अ चाइल्ड. शी डजन्ट नो."

मला माहीत नाही! ज्या बाईने इस्त्री फिरवत दर शनिवारी मला ते सगळं सांगितलं, तिनेच सांगावं की मला माहीत नाही? मी हातातला डोनट तिथेच खुर्चीवर ठेवला आणि गाडीत जाऊन बसले. संध्याकाळी तिने रोजच्यासारखी आमटी केली आणि मी जेवले नाही. तो विषय आमच्या घरात पुन्हा कधी निघाला नाही. पप्पा गेले तेव्हाही नाही.

लोक मला विचारतात, मग तू चर्च सोडलंस का? का सोडू? ते माझंही होतं. पुढच्या जानेवारीत मिसेस व्हिटेकर कुंकवाची लिपस्टिक घेऊन आल्या तेव्हा मी सांगितलं की यंदा मी भारत होणार नाही, मी मिरवणुकीच्या पुढे क्रूस धरणार. त्यांनी लिपस्टिक पर्समध्ये टाकली आणि क्रूस दिला. भारी होता, खांदा दुखला, पण मी दोन वर्षं तो दुसऱ्या कुणाला धरू दिला नाही. स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करायचा तो विधी, दृढीकरण, बिशपच्या हातून झाला तो माझ्या संपूर्ण मराठी नावाने, आडनावासकट, आणि त्यांनी ते चुकीचं उच्चारलं तेव्हा मी गुडघ्यावर असतानाच दुरुस्त केलं. आईची वेदीवरची वस्त्रं चालू राहिली. पुढे ती त्या गटाची प्रमुखही झाली. मी मात्र शनिवारी लायब्ररीत जाऊ लागले. इस्त्रीचा आवाज मला सोसत नव्हता.

एवढं सगळं त्या वासात होतं, आणि मी दारात उभी होते.

टेबलांवर वस्तू मांडून ठेवल्या होत्या. लोक उचलत होते, हसत होते, नाक पुसत होते. कोपऱ्यात व्हीलचेअरवर मिसेस व्हिटेकर. नव्वदी केव्हाच उलटलेली, मोत्यांची साखळी तशीच. मला बघताच त्यांनी दोन्ही हात पुढे केले आणि माझे हात घट्ट धरले. हात कागदासारखे हलके झाले होते. मला एकदम भरून आलं, हे कबूल करते. शेजारी बिशपच्या कचेरीतून आलेली तरुण पाळकबाई उभी होती. तिला मिसेस व्हिटेकर म्हणाल्या, "ही माझी मुलगी. हिंदू घरातून आली होती. येशू तिला इथे सापडला, याच खोलीत. मी सगळ्यांना हिची गोष्ट सांगते."

चाळीस वर्षं. चाळीस वर्षं ही बाई हीच गोष्ट सांगत होती. माझ्या जिभेवर उत्तर आलं आणि तिथेच अडकलं. नव्वदीच्या म्हातारीशी भांडायचं कसं? तरुण पाळकबाई माझ्याकडे बघून कौतुकाने हसली. आणि माझ्या दंडावरचा आईचा हात निघाला.

आई एक पाऊल पुढे झाली, खुर्चीच्या पाठीला धरून. "डोरोथी," ती तिच्या वॉर्डातल्या स्वच्छ इंग्रजीत म्हणाली, "ही बोलली होती त्या रविवारी, इथेच, मी तुला सॉरी म्हटलं होतं."

"हो का? कशाबद्दल, डिअर?" मिसेस व्हिटेकरांनी गोड हसून विचारलं. त्यांना खरंच आठवत नव्हतं.

"तुला नसेल आठवत. मला रोज आठवतं," आई म्हणाली. "ते सॉरी मी परत घेते."

आजूबाजूचे दोघं-तिघं वळून बघू लागले. आई माझ्याकडे वळली आणि त्या सगळ्यांसमोर, आवाज अजिबात खाली न करता, मराठीत म्हणाली, "तू बरोबर बोलली होतीस गं. मी घाबरले होते."